लष्कराच्या भाकऱ्या





मागच्या महिन्यात मराठी शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये उभ्या उभ्या आम्हा चार पालकांच्या गप्पा रंगल्या होत्या. विषय नेहमीचाच, कॉलेज. एकांचा मुलगा नुकताच कॉलेजात गेला आहे. ते म्हणाले, "अहो, पहिल्याच आठवड्यात साहेबांनी पाच क्लबांत नावं घातली! फी आम्ही भरायची आणि यांनी तिथे लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना मागच्या सीटवरून आमच्या धाकट्याने विचारले, "लष्कराच्या भाकऱ्या म्हणजे काय? आणि त्या भाजल्या तर काय बिघडतं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. लष्कर म्हणजे सैन्य. स्वतःचे घर सोडून साऱ्या सैन्यासाठी भाकऱ्या भाजत बसायचे, म्हणजे ज्यात आपला काही फायदा नाही असे काम दुसऱ्यांसाठी करत राहायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घर आले तरी संपले नाही. ते उत्तर म्हणजेच हा लेख.

आमच्या वेळची गोष्ट

आम्ही दोघेही इंजिनियर. दोघांचेही कॉलेज महाराष्ट्रात झाले. दोघांच्याही घरी एकच मंत्र होता, "आधी अभ्यास, मग बाकीचं." ते 'बाकीचं' शेवटपर्यंत आलेच नाही. गॅदरिंगच्या दिवसांत आम्ही लायब्ररीत असायचो. नाटकवाली मुले रात्री बारापर्यंत तालमी करायची, तेव्हा आम्ही मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायचो. त्याचे फळही मिळाले. डिस्टिंक्शन मिळाले आणि पुढे अमेरिकेत एम. एस. ला प्रवेश मिळाला.

आता खरे काय ते सांगतो. आमच्यापैकी एकाची ही गोष्ट आहे, कोणाची ते विचारू नका! सन २००३, इथली पहिली नोकरी. एका मीटिंगमध्ये नव्या प्रोग्रॅमची योजना फळ्यावर मांडली होती. त्यात एक चूक होती. ती आम्हाला दिसत होती. पण दहा माणसांसमोर हात वर करून "इथे चुकतं आहे" असे म्हणायला तोंड उघडेना. वाटले, मोठी माणसे आहेत, त्यांना ठाऊक असेलच. दोन महिन्यांनी नेमके तिथेच घोडे अडले. सगळ्या टीमचा शनिवार-रविवार ऑफिसात गेला. नंतर मॅनेजरने शांतपणे विचारले, "तुला हे आधी दिसलं होतं का?" हो म्हणालो. "मग बोलला का नाहीस?" याला उत्तर नव्हते. चार वर्षांच्या कॉलेजात आम्ही चार माणसांसमोर कधी उभेच राहिलो नव्हतो. गणित येत होते, पण बोलणे, भांडण न करता विरोध करणे, दहा जणांना बरोबर घेऊन काम तडीस नेणे, यांपैकी काही येत नव्हते. ते मग नोकरीत ठेचा खात शिकलो.

म्हणून मुलांनो, 'बाकीचं' म्हणजे काय ते आधी नीट पाहू.

कॅम्पसवर असते तरी काय?

इथल्या बहुतेक कॉलेजांत सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच एक मेळावा भरतो. हिरवळीवर टेबले मांडलेली असतात. रोबोट बनवणारे, वादविवाद करणारे, कॅम्पसचे वर्तमानपत्र आणि रेडिओ चालवणारे, गिर्यारोहक, भारतीय विद्यार्थी मंडळ, असे सगळे आपापल्या टेबलाशी उभे राहून नव्या मुलांना हाका मारत असतात.

प्रत्येक मंडळाला स्वतःची घटना लागते, पदाधिकारी लागतात, आणि बहुधा सल्लागार म्हणून एक प्राध्यापक किंवा कर्मचारी लागतो. पैसा पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या फीमधूनच येतो, पण तो आपोआप मिळत नाही. खजिनदाराने अंदाजपत्रक करून विद्यार्थी प्रतिनिधींसमोर मांडावे लागते आणि "एवढे कशाला हवेत?" या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

दिवाळीच्या कार्यक्रमाचेच उदाहरण घ्या. प्रेक्षकांना दोन तासांचा नाच आणि नंतरचे जेवण दिसते. त्यामागे हॉलचे बुकिंग असते, किती माणसे आत घ्यायची याचा आगीच्या सुरक्षेचा नियम असतो, जेवणाचा सौदा असतो, तिकिटांचा हिशोब असतो, आणि ऐनवेळी रुसलेल्या दोन गायकांची समजूत असते. एकोणीस वर्षांच्या मुलीने हे एकदा निभावले की तिला 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

कॅम्पसवरची नोकरीही यातच मोडते. आम्ही एम. एस. ला आलो तेव्हा विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येई. आजही नियम तोच आहे. आमच्यापैकी एकाने भोजनगृहात ताटे धुतली, दुसऱ्याने कॉम्प्युटर लॅबच्या मदत-टेबलावर काम केले. प्रिंटर अडकल्यामुळे चिडलेल्या, तासाभरात निबंध द्यायचा असलेल्या मुलाशी शांतपणे कसे बोलावे, हे त्या टेबलानेच शिकवले.

पुण्याच्या मुलांचा उपग्रह

आता एक खरी आणि अभिमानाची गोष्ट. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झाले. सीओईपी या नावाने ते ओळखले जाते. २००८ च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांनी ठरवले की आपण एक उपग्रह बनवायचा. त्याचे नाव 'स्वयम्'. वजन जेमतेम एक किलो, म्हणजे साखरेच्या लहान पिशवीएवढे. पृथ्वीवरच्या एका ठिकाणचा रेडिओ-संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. अवकाशात त्याचे तोंड योग्य दिशेला राहावे म्हणून मोटर न वापरता चुंबकाची युक्ती केली होती. पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे, तिच्याशी उपग्रहातले चुंबक होकायंत्राच्या सुईसारखे जुळते. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून एकूण वीस उपग्रह वर नेले, त्यांत हा एक होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रहही गेला. त्याचेही काम २००७ साली सुरू झाले होते.

आता जरा हिशोब करा. इंजिनियरिंगची पदवी चार वर्षांची. उपग्रहाला लागली आठ वर्षे. म्हणजे ज्यांनी पहिले चित्र काढले ते विद्यार्थी उपग्रह उडण्याच्या कितीतरी आधी कॉलेज सोडून गेले होते, आणि ज्यांनी तो उडताना पाहिला त्यांतल्या पुष्कळ जणांनी सुरुवात पाहिलीच नव्हती. शंभराहून अधिक मुलांचे हात त्याला लागले. असे काम पुढे जायचे तर एकच मार्ग असतो. आपण काय केले, का केले, काय फसले, हे पुढच्या मुलांसाठी नीट लिहून ठेवायचे आणि त्यांना हाताशी धरून शिकवायचे.

आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहोत, त्यामुळे याचे मोल आम्हाला चांगले ठाऊक आहे. आमचे रोजचे काम म्हणजे कोणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहून गेलेला प्रोग्रॅम समजून घेणे, आणि आपला प्रोग्रॅम पुढच्याला समजेल असा लिहिणे. वर्गात मात्र प्रत्येक प्रोग्रॅम नवा असतो आणि सत्र संपले की फेकून दिला जातो. दुसऱ्याचे अर्धे काम पुढे न्यायची आणि आपले अर्धे काम दुसऱ्याच्या हाती सोपवायची सवय परीक्षेत लागत नाही.

इथेही असेच घडते. १९९० साली फ्लोरिडापासून मिशिगनपर्यंत उन्हावर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. ती मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. त्यांचा संघ आदल्याच वर्षी सुरू झाला होता. तो आजही चालू आहे, नवी मुले येतात, नव्या गाड्या बनवतात. पुढे काही वर्षांनी त्याच संघात एक विद्यार्थी होता, लॅरी पेज. त्याने नंतर एका मित्राबरोबर गूगल काढले. सौरगाडी बनवली की गूगल काढता येते, असा याचा अर्थ नाही बरे का! पण अशा संघात काय काय शिकायला मिळते, ते ध्यानात घ्या.

डॉक्टर आणि नाटक

"उपग्रह ठीक आहे हो, पण नाटकाचा डॉक्टरला काय उपयोग?" असे कोणी विचारील. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेते. 'अरे आव्वाज कुणाचा?' ही आरोळी तुमच्या आई-बाबांपैकी कोणीतरी नक्की ठोकली असेल, विचारून पाहा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून नाटक करणारे पुष्कळ डॉक्टर निघाले. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ झाले आणि १९७२ साली त्यांनी 'घाशीराम कोतवाल' बसवले. त्यात नाना फडणवीसांचे काम करणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी मेडिकल कॉलेजात शिकवले आणि अभिनयही केला.

ही मोठी नावे झाली. पण दर वर्षी रंगमंचावर आणि पडद्यामागे उभ्या राहणाऱ्या शेकडो मुलांतली बहुतेक काही नट होत नाहीत. ती इंजिनियर, वकील, बँकेतले अधिकारी होतात. समोर माणसे बसली असताना घाबरायचे नाही आणि वाक्य विसरले तरी सावरून घ्यायचे, हे मात्र त्यांना आयुष्यभर पुरते.

आकडे काय सांगतात?

आता पालकांसाठी थोडे आकडे. अलेक्झांडर ऍस्टिन या प्राध्यापकांनी १९८४ मध्ये मांडले की विद्यार्थी आपली शक्ती आणि मन कॉलेजच्या आयुष्यात जितके ओततो, तितके त्याचे शिकणे आणि वाढणे होते. तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, गॅलप आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी तीस हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी केली. ज्यांनी एखादे सत्र किंवा त्याहून जास्त चाललेला मोठा प्रकल्प केला होता, जिथे शिकलेले वापरता येईल अशी इंटर्नशिप केली होती, आणि जे एखाद्या मंडळात मनापासून झटले होते, त्यांचे नोकरीत मन लागण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट दिसली. आस्थेने चौकशी करणारे प्राध्यापक मिळणे हेही तितकेच महत्त्वाचे ठरले. आणि कॉलेज सरकारी की खासगी, नावाजलेले की साधे, याने मात्र फारसा फरक पडला नाही. हे वाक्य, पालकहो, कृपया दोनदा वाचावे. आपण सगळे कॉलेजच्या क्रमांकामागे किती धावतो!

नोकरी देणाऱ्यांचेही पाहू. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स ही संस्था कंपन्यांना दर वर्षी प्रश्न विचारते. २०१९ च्या पाहणीत दर चारांपैकी जवळजवळ तीन कंपन्या अर्ज चाळताना जीपीए पाहत होत्या. २०२३ च्या पाहणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली आले. दोन उमेदवार इतर बाबतींत सारखे असतील, तर इंटर्नशिप आणि एखाद्या मंडळात पार पाडलेली जबाबदारी यांनी पारडे झुकते, असे या कंपन्या सांगत आल्या आहेत.

इंजिनियर म्हणून एक पथ्य सांगितले पाहिजे. यावरून क्लबामुळेच नोकरी मिळाली, हे सिद्ध होत नाही. मुळात उत्साही असलेली मुले क्लबातही जातात आणि नोकरीतही पुढे येतात, असेही असू शकते. आणि जीपीए पाहणाऱ्या कंपन्या बहुधा ३.० ची रेघ ओढतात. त्या रेघेखाली गेलो तर आपली उपग्रहाची गोष्ट ऐकायला कोणी बोलावणारच नाही.

आमच्या घरचा धडा

हे सगळे शहाणपण आम्हाला आधीपासून होते असे समजू नका. आमची थोरली दोन वर्षांपूर्वी कॉलेजात गेली. (हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.) तिनेही मेळाव्यात पाच ठिकाणी नाव दिले. पहिल्या सत्राच्या अखेरीस गणितात सी मिळाला आणि कॉलेजचे पत्र आले. तिची शिष्यवृत्ती ३.० वर टिकून होती आणि ती त्याखाली घसरली होती. एक सत्र मुदत होती. शिष्यवृत्ती गेली असती तर तिला ते कॉलेज सोडून घराजवळच्या कॉलेजात यावे लागले असते.

आम्ही फोनवर तोच जुना मंत्र म्हटला, "सगळं सोड. आधी अभ्यास." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चार सोडते. पण लाईट्स नाही सोडणार. माझ्यावाचून तिथे अडतं." नाटकाच्या मंडळात ती प्रकाशयोजनेचे काम करायची. आम्ही चिडलो. फोन नीट संपला नाही.

मग आम्ही तिघांनी कागदावर हिशोब मांडला. आठवड्याचे तास १६८. पंधरा क्रेडिटसाठी तासिका आणि घरचा अभ्यास मिळून साधारण ४५. झोप ५६. जेवणखाण, अंघोळ, कपडे धुणे २१. उरले ४६. त्यातून कॅम्पसवरच्या नोकरीचे १० गेले, उरले ३६. एका मंडळाचे आठ तास यात आरामात बसतात. पण पाच मंडळांचे चाळीस तास कसे बसणार? चूक मंडळाची नव्हती, पाचाच्या आकड्याची होती.

पुढच्या सत्रात जीपीए ३.१ झाला. फार उंच नाही, पण शिष्यवृत्ती राहिली. वसंतात आम्ही तिचे नाटक पाहायला सहा तास गाडी चालवत गेलो. ती आम्हाला दिसलीच नाही, मागे वर काचेच्या खोलीत होती. दुसऱ्या अंकात एक दिवा गेला म्हणे. आम्हाला कळलेही नाही, कारण तिने आणि तिच्या जोडीदाराने दुसऱ्या दिव्यावर निभावून नेले. यंदा ती दोन नव्या मुलांना ते काम शिकवते आहे. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी तिला तीन ठिकाणी नकार आला आणि चौथीकडे होकार. तिथे विचारले होते, "काही बिघडलं असताना तू काय केलंस?" तिने दिव्याची गोष्ट सांगितली. मीटिंगमध्ये गप्प बसलेली आमची ती दुपार आम्हाला आठवली.

आम्हीही आता नोकरीसाठी मुलाखती घेतो. अर्जावर दहा मंडळांची नावे असतात. आम्ही एवढेच विचारतो, "यात तुमच्यावाचून काय अडलं असतं?" दहा नावेवाला पुष्कळदा गप्प होतो. एकच नाव असलेला वीस मिनिटे थांबत नाही.

मग करायचे काय?

१. आत्तापासून सुरुवात करा. मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्या लावणे, प्रसाद वाटणे, लहान मुलांच्या नाटुकल्याचे पडदे ओढणे, हे सगळे यातच येते. काम एकदा घेतले की शेवटच्या खुर्चीपर्यंत करा.

२. कॉलेजात पहिल्या सत्रात जास्तीत जास्त दोन ठिकाणी जा, एक आपल्या विषयाचे, एक निव्वळ आवडीचे. वर्षअखेरीस त्यातले एक ठेवले तरी चालेल.

३. दुसऱ्या वर्षी जबाबदारी मागून घ्या. नुसते सभासद असणे म्हणजे जेवायला बसणे, भाकरी भाजणे वेगळे!

४. शेवटच्या वर्षी आपले काम लिहून ठेवा आणि कोणालातरी शिकवूनच बाहेर पडा.

५. काय केले, काय फसले, याची छोटी वही ठेवा. मुलाखतीच्या आदल्या रात्री ती उपयोगी पडते.

६. पालकहो, फोनवर "मार्क किती?" याच्या जोडीला "या आठवड्यात तुझ्यावाचून कुठे अडलं?" हेही विचारा. पण मार्कही विचाराच!

परवा धाकट्याने पुन्हा विचारले, "मग लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या की नाही?" आम्ही म्हटले, भाजायच्या. पण साऱ्या लष्कराच्या नाही, एका पंगतीच्या. आणि घरचा तवा करपू द्यायचा नाही. तो म्हणाला, "म्हणजे पुढच्या रविवारी मराठी शाळेची टेबलं मी लावू?" तेव्हा मंडळी, येत्या रविवारी जरा लवकर या. त्याला एकट्याला ती उचलणार नाहीत.

शब्दार्थ

घटना – मंडळ कसे चालवायचे त्याचे लेखी नियम
अंदाजपत्रक – खर्च आणि जमा यांचा आधीच मांडलेला हिशोब
घोडे अडणे – काम मध्येच थांबणे
पारडे झुकणे – तराजूची एक बाजू जड होणे
पथ्य – पाळायचा नियम
पंगत – जेवायला ओळीने बसलेली माणसे

घरी करून पाहा: तुमच्या आठवड्याच्या १६८ तासांचा हिशोब कागदावर मांडा. रिकामे तास किती उरतात ते पुढच्या रविवारी वर्गात मराठीत सांगा.